पाय तर दोनच

आषाढी एकादशीच्या संध्याकाळी आमच्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या. टीव्हीवर पंढरपूर लागलेलं असतं आणि अण्णा खिचडीत मीठ कमी आहे म्हणतो. यंदा तिसरी गोष्ट म्हणजे अनघाचा लॅपटॉप, दाण्याच्या आमटीच्या वाटीला खेटून उघडा ठेवलेला.

अण्णा माझा थोरला भाऊ. टेलिफोनच्या खात्यात उभी हयात काढून निवृत्त झालेला. अनघा माझी मुलगी. तिच्या कामाला ती 'परफॉर्मन्स' म्हणते. एखाद्या ॲपवर एकदम किती माणसं आली तर ते तग धरेल, हे आधी शोधून ठेवायचं. मी या दोघांच्या मध्ये बसतो आणि दोघांचंही अर्धंच मला कळतं.

ठिणगी पडली ती टीव्हीवरच्या बातमीदारामुळे. रांग गोपाळपूरच्या पुढे गेली आहे आणि पददर्शनाला वीस तास लागताहेत, असं तो सांगत होता.

"मिनिटाला तीस माणसं पायांपाशी पोचतात असं धर," अण्णा चमचा हवेत धरून म्हणाला. "म्हणजे रांगेत छत्तीस हजार माणसं आहेत."

"मोजायला गेला होतास?" मी विचारलं.

"मोजायला कशाला जायला हवं? वीस तास म्हणजे बाराशे मिनिटं. बाराशे गुणिले तीस."

"लिटलचा नियम," अनघा स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली. "आत येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ, बरोबर आत असलेली माणसं. जॉन लिटलने 1961 मध्ये सिद्ध केला. पण काका, त्या तीस आकड्यावर तुमचं सगळं उभं आहे आणि तो तुम्ही धरलाय."

"धरायचं असतंच."

"मोजायचं असतं."

वर्षभर हाच वाद चालतो. अण्णाचं म्हणणं असं की जे बांधलंय ते किती पेलेल हे कागदावर काढता येतं आणि ज्याला काढता येत नाही त्याने बांधू नये. अनघाचं म्हणणं असं की कागद हे समाधान आहे. खोटी गर्दी तयार करून यंत्रावर सोडायची, ते कुठे मोडतं ते बघायचं, मोडलं की दुरुस्त करून परत सोडायची. याला ती लोड टेस्ट म्हणते आणि आमच्या घरात हा शब्द आता कुकरच्या शिट्टीइतका रुळला आहे.

अण्णाने टीव्हीकडे बोट केलं. "आता हे बघ. दर्शनमंडपाचे मजले वाढव, पत्राशेड वाढव, सेवेकरी दुप्पट कर. आषाढीला तर देवाचा पलंगच काढतात, चोवीस तास देव उभा. तरी काय होणार? पाय तर दोनच. तीसच्या हिशेबानं दिवसाला त्रेचाळीस हजारांच्या वर माणूस पायांवर डोकं ठेवू शकत नाही. बाकी सगळं तू हजारपट केलंस तरी."

"ॲमडालचा नियम."

"तोच. 1967 सालचा. कामातला पाच टक्के भाग जरी एकामागून एकच व्हायला हवा असेल, तरी यंत्रं कितीही लाव, वेग वीसपटीच्या वर जात नाही. हे कळायला लोड टेस्ट लागत नाही."

"त्या पाच टक्क्यांचा भाग कुठे लपलाय ते कळायला लागते," अनघा म्हणाली. "पंढरपुरात तो गाभाऱ्यात आहे हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. आमच्याकडे पाय कुठे आहेत हे कुणालाच माहीत नसतं. कधी डेटाबेसमधल्या एका ओळीवरच्या कुलपात असतात, कधी लॉग लिहिणाऱ्या एका फाइलीत. जिने ते लिहिलं ती मुलगी नोकरी सोडून गेलेली असते."

हा टोला अण्णाला लागला, कारण तो एकदम कोपनहेगनला गेला. अडचणीत आला की तो एरलांगकडे जातो. आग्नर एरलांग कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीला होता. 1909 मध्ये त्याने दाखवलं की फोन कधी येईल हे सांगता येत नसलं तरी तासाभरात किती येतील आणि ते कसे विखुरतील याला गणित आहे. 1917 मध्ये त्याने सूत्र दिलं : इतक्या लाइनी आणि इतकं बोलणं असेल, तर किती जणांना 'बिझी' ऐकू येईल. त्या बोलण्याच्या मापाला आज त्याचंच नाव आहे. अण्णाकडे त्या सूत्राचे तक्ते आहेत. पिवळे पडलेले, कडा दुमडलेले, कपाटात विम्याच्या कागदांच्या वर ठेवलेले.

"दहा लाइनी असतील आणि शंभरात एकालाच बिझी मिळायला हवं असेल, तर साडेचार एरलांगसुद्धा धड पेलत नाहीत," तो म्हणाला. "शंभर लाइनी असतील तर चौऱ्याऐंशी पेलतात. दसपट लाइनी, जवळजवळ एकोणीसपट काम! मोठं केलं की जास्त फायदा. अख्खी एक्स्चेंजं आम्ही या तक्त्यावर बांधली."

"कारण तुमच्या लाइनी एकमेकींशी बोलत नव्हत्या."

अण्णा थांबला. मला वाटतं, त्या संध्याकाळचं सगळ्यात नेमकं वाक्य तेच होतं आणि ते अनघा आमटी वाढून घेता घेता बोलून गेली.

"एक लाइन दुसरीला विचारत नाही की तुझ्याकडे कोण बोलतंय," ती पुढे म्हणाली. "आमचे सर्व्हर विचारतात. या खुर्चीचं तिकीट तू विकलंस का? तुझ्याकडचा आकडा ताजा की माझ्याकडचा? चार सर्व्हर असले तर जोड्या सहा. आठ असले तर अठ्ठावीस. सोळा असले तर एकशे वीस. कामं सोळा जणांत वाटली जातात आणि चौकश्या एकशे वीस होतात."

मग तिने तो किस्सा सांगितला. तिच्या आधीच्या नोकरीतला, एका तिकीटविक्रीच्या ॲपचा. विक्री सकाळी दहाला उघडायची होती. आठ सर्व्हर लावले होते. दहा वाजून चार मिनिटांनी पानं उघडायला वीस-वीस सेकंद लागायला लागले. मॅनेजर म्हणाला, दुप्पट करा. सोळा केले. ॲप आणखी हळू झालं. "सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी आलेखाकडे. आपण पाणी घालतोय आणि आग वाढतेय, असं."

"त्याआधी चाचणी केली होतीस?"

"केली होती की. पण पैसे वाचवायचे म्हणून चार सर्व्हरपर्यंतच. पुढचं सरळ रेषेत धरलं."

"धरलं?" अण्णाच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. "आकडे आठवतात?"

आठवत होते. असले आकडे माणूस विसरत नाही. एका सर्व्हरवर सेकंदाला 400 मागण्या पुऱ्या होत होत्या, दोनवर 755, चारवर 1295.

अण्णाने फ्रिजवरून लाइटबिल काढलं, उलटं केलं आणि खिशातलं पेन उघडलं. दोन वर्षांपूर्वी अनघानेच त्याला नील गुंथर या भौतिकशास्त्रातून संगणकाकडे आलेल्या माणसाचं सूत्र छापून दिलं होतं. 1993 च्या सुमाराचं. ॲमडालने फक्त रांग धरली होती. गुंथरने त्यात या आपसातल्या चौकश्याही धरल्या. अण्णाने तो कागद एरलांगच्या फाइलीत लावून टाकला होता. त्याच्या लेखी हा मोठाच सन्मान.

"हे बघ. दोन सर्व्हर, आदर्श 800, मिळाले 755. 800 भागिले 755, वजा एक. 0.0596. चार सर्व्हर, आदर्श 1600, मिळाले 1295. त्याच रीतीनं 0.2355, त्याला तीनने भाग. 0.0785." पेन थांबलं. "हे दोन ठिपके. यांतून सरळ रेघ काढायची. रेघेचा चढ म्हणजे चौकश्या, रेघ जिथे सुरू होते ते रांग. चढ आला 0.0095, रांग 0.04. आता एकातून रांग वजा, भागिले चढ, त्याचं वर्गमूळ..."

आम्ही दोघंही त्या बिलाकडे बघत होतो. एप्रिलचा एसी तिथे उलट्या बाजूनं पुसट दिसत होता.

"दहा," अण्णा म्हणाला. "दहा सर्व्हरपर्यंत वाढेल, तेही शेवटी शेवटी नाममात्र. दहाच्या पुढे प्रत्येक नवा सर्व्हर घाट्याचा. आठला साडेसतराशेच्या आसपास, सोळाला सोळाशे-साडेसोळाशे."

अनघाने चमचा खाली ठेवला. सोळा सर्व्हरवर सेकंदाला साडेसोळाशेच्या आसपासच निघत होत्या, ती म्हणाली. मी तरी तो आकडा आधी तिच्या तोंडून ऐकला नव्हता आणि अण्णानेही नाही.

त्या बिलाकडे मीही नंतर बराच वेळ बघत राहिलो. तीन मोजमापं, दोन ठिपके, एक रेघ. आठवीतल्या मुलालाही जमेल असा हिशेब, आणि तो कुणी बिलामागे केला असता तर त्या दिवशी दहा वाजून चार मिनिटांनी काय होणार हे महिनाभर आधी कळलं असतं.

पण अनघा माझी मुलगी आहे. ती एवढ्यावर हरत नाही.

"ठीक. यंत्राचं भाकीत तुम्ही केलंत. माणसांचं करा. 10 जुलै 2019."

"धोनी," मी म्हणालो. तेवढं मलाही माहीत होतं.

विश्वचषकाची मँचेस्टरमधली ती उपांत्य फेरी. पावसामुळे सामना दुसऱ्या दिवसावर गेलेला. हॉटस्टारवर एकाच वेळी दोन कोटी त्रेपन्न लाख लोक बघत होते. तोवरचा तो जागतिक विक्रम होता. गप्टिलच्या थेट फेकीवर धोनी धावचीत झाला आणि देशानं मिळून एकच बटण दाबलं, मागे जाण्याचं.

"त्यातली मेख कळते का?" अनघा म्हणाली. "सामना बघणारा माणूस सर्व्हरला फार त्रास देत नाही. व्हिडिओचे तुकडे त्याच्या गावाजवळच्या साठ्यातूनच येत असतात. पण मागे गेला की तो मुखपृष्ठावर येतो. तिथे त्याचं नाव, त्याच्या आवडी, 'तुमच्यासाठी खास', हे सगळं एकेकासाठी वेगळं बनवावं लागतं. गर्दी कमी होतेय असं आलेख सांगतो आणि भलत्याच दारावर धडक बसते. हे तुमच्या सूत्रात कुठे आहे? त्या लोकांनी यंत्रं आपोआप वाढवणाऱ्या सोयीवर भरवसा ठेवला नव्हता. गर्दी मिनिटाला दहा लाखांनी वाढते, नवं यंत्र उठून उभं राहायला काही मिनिटं घेतं. आधीच वाढवून ठेवलं होतं आणि खोटी गर्दी सोडून सोडून बघितलं होतं. म्हणून 2023 च्या अंतिम सामन्यात पाच कोटी नव्वद लाख पेलले."

अण्णा हट्टी आहे, पण खोटं बोलत नाही. तो खिडकीकडे बघत म्हणाला, "आमचा धोनी गणपती होता."

21 सप्टेंबर 1995. देशभर गणपती दूध पिऊ लागले तो दिवस. अण्णा तेव्हा एका जिल्ह्याच्या गावी एक्स्चेंजमध्ये होता.

"आमचा गर्दीचा तास ठरलेला होता. सकाळी बाजार उघडला की. तक्ता त्या तासावर बेतलेला. एरलांग काय धरतो? की फोन करणाऱ्या माणसाला दुसरा माणूस फोन करतोय हे माहीत नाही, ज्याचं त्याचं स्वतंत्र. त्या दिवशी फोन हाच फोनचं कारण होता. पुण्याची बहीण सांगते, आमचा पितोय. ही चमचा लावून बघते आणि नाशिकच्या नणंदेला सांगते. एकाचे तीन, तिनाचे नऊ. डायल टोनच मिळेना. आणि टोन मिळाला नाही की माणूस काय करतो?"

"रिसीव्हर आपटतो."

"आपटतो आणि लगेच परत उचलतो! दर उचलण्याला एक्स्चेंजला काम लागतं. फोन एकही जोडला जात नव्हता आणि सगळी यंत्रं घाम गाळत होती."

"आम्ही याला रिट्राय स्टॉर्म म्हणतो," अनघा हळू आवाजात म्हणाली. तिच्या क्षेत्रात यावरचा उपाय मला फार आवडला : नकार मिळाला की ॲपने लगेच परत ठोठावायचं नाही. आधी एक सेकंद थांबायचं, मग दोन, मग चार; आणि सगळी ॲपं एकाच ठोक्याला परत येऊ नयेत म्हणून प्रत्येकाने त्यात थोडं मनाचं मिसळायचं. माणसांना हे शिकवता येत नाही. 28 एप्रिल 2021 ला संध्याकाळी चारला अठरा वर्षांवरच्यांसाठी कोविनची नोंदणी उघडली तेव्हा ओटीपी येईना म्हणून मी स्वतः किती वेळा बटण दाबलं ते सांगत नाही. त्या एका दिवसात सव्वा कोटीहून जास्त नोंदण्या झाल्या. त्यांतली माझी नव्हती.

"मग तुम्ही काय केलंत?" अनघाने विचारलं. "त्या दिवशी?"

"काय करणार. दवाखाने, पोलीस, अग्निशमन यांच्या लाइनी चालू ठेवल्या आणि बाकीच्यांचा काही भाग पाळीपाळीनं बंद. शिव्या खाल्ल्या."

"भारनियमन," मी म्हणालो. अनघा हसली, कारण तिच्या धंद्यातही त्याला लोडशेडिंगच म्हणतात. सगळ्यांना अर्धवट देण्यापेक्षा काहींना पूर्ण द्यायचं आणि बाकीच्यांना सरळ 'आत्ता नाही' सांगायचं. महाराष्ट्रात ज्याने 2000 नंतरचे उन्हाळे काढलेत, त्याला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही.

इथे वाद थोडा भरकटला आणि मला तो भरकटलेला भागच जास्त पटला. अण्णाचं म्हणणं, यंत्र किती पेलतं हे कळलं की उरलेलं काम माणसांना वळवण्याचं. रेल्वेने 2014 मध्ये तिकिटाची नवी यंत्रणा आणली, मिनिटाला दोन हजारांऐवजी 7200 तिकिटं काढण्याची तिची क्षमता होती. तरी 2015 मध्ये तत्काळची वेळ फोडावीच लागली. एसी दहाला, बिगर-एसी अकराला. यात एकही सर्व्हर वाढला नाही.

"उलटंही होतं," अनघा म्हणाली. "अमेरिकेत 1 ऑक्टोबर 2013 ला आरोग्य विम्याचं सरकारी संकेतस्थळ उघडलं. लोकांना नुसते विम्याचे दर बघायचे होते. पण बघण्याआधी खातं उघडा अशी अट शेवटी शेवटी घातली गेली. लाखो माणसं त्या एका दारावर. पहिल्या दिवशी विमा पुरा घेऊ शकलेली माणसं सहा."

"सहा लाख?"

"सहा."

अण्णा परत टीव्हीकडे वळला. चंद्रभागेच्या वाळवंटातून एक म्हातारी कळसाकडे बघून हात जोडत होती. तिच्या मागे आणखी शेकडो. "हे बघ, हिला कुणी रांगेत उभं केलं नाही. पाय धरायचेत त्याने वीस तास काढावेत. घाई असेल त्याने मुखदर्शन घ्यावं. तेही नको तर नामदेवाची पायरी. आणि कळस तर कितीही लाख माणसांनी एकदम बघावा, त्याला काय फरक पडतो? देव एकच आणि दर्शनं चार प्रकारची. त्या अमेरिकन साइटनं कळस बघायला आलेल्यालाही गाभाऱ्यात पाठवलं."

अनघाने हे वाक्य लॅपटॉपवर टिपून घेतल्याचं मी पाहिलं. ऑफिसच्या कुठल्यातरी सादरीकरणात पुढच्या आठवड्यात कळस येणार.

जेवणं आटोपली तसं तिने खरं दुखणं काढलं. सध्याच्या कंपनीत नव्या सेवेची चाचणी चालू होती. एक, दोन, चार सर्व्हरचे आकडे आले होते : 500, 970, 1820. बाराची चाचणी ती आत्ता लावणार होती. "लावायच्या आधी सांगा, काका. मागून नाही."

बिलाच्या उरलेल्या जागेत परत दोन ठिपके पडले. या वेळी रेघ जवळजवळ आडवी आली. चौकश्या फार कमी. तीसपर्यंत ताणता येईल, अण्णा म्हणाला, आणि बाराला 4100. त्याने 4100 भोवती गोल काढला.

चाचणी चाळीस मिनिटं चालली. तेवढ्यात मी भांडी विसळली. परत आलो तेव्हा दोघंही गप्प होते.

"3300," अनघा म्हणाली.

मला वाटलं आता कागदाची पुरती नाचक्की झाली. पण अण्णा पडलेल्या माणसासारखा दिसत नव्हता. आणि गंमत म्हणजे अनघाही जिंकल्यासारखी दिसत नव्हती.

"चारपासून बारापर्यंत मध्ये कुणीतरी नवं आलंय," अण्णा म्हणाला. "चारला ते नव्हतं. कोण वाट बघतंय कुणाची?"

ती खिडक्यांमागून खिडक्या उघडत होती. सर्व्हर निवांत होते, निम्मे रिकामे. डेटाबेसही तापलेला नव्हता. मग एका सेटिंगवर तिचं बोट थांबलं. प्रत्येक सर्व्हर डेटाबेसकडे वीस जोडण्या उघडून ठेवत होता. डेटाबेसवर मर्यादा होती 200.

"बारा गुणिले वीस," मी म्हणालो. एवढा हिशेब मला येतो.

"दोनशे चाळीस. दहा सर्व्हरपर्यंत सगळं ठीक. अकराव्याला दारच नाही. तो ठोठावत बसतो, नकार मिळतो, परत ठोठावतो." तिने कपाळावर हात मारला. "3300 बघून मी तर म्हणणार होते, बरं आहे, चालेल."

"गणपती दूध पितोय तुझा," अण्णा म्हणाला. मग चष्मा काढून त्याने ते बिल जवळ धरलं. "पण हे 200 माझ्या कागदावर कुठेच नव्हतं, हेही खरं."

अनघाने सर्व्हरमागे जोडण्या वीसवरून पंधरा केल्या आणि चाचणी परत लावली. आणखी चाळीस मिनिटं. अण्णाने 4100 च्या खाली 3300 लिहिलं, पुढे तारीख घातली आणि तिसऱ्या आकड्यासाठी जागा सोडली. बातमीदार पुन्हा आला होता. रांग आता बावीस तासांवर गेली आहे, म्हणाला.

"एकोणचाळीस हजार सहाशे," अण्णा मान वर न करता म्हणाला.